कामाचं दुसरं टोक

अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या रुग्णालयात साफसफाई करणारी माणसं स्वतःच्या कामाबद्दल काय सांगतात, हे जाणून घ्यायला एमी रेझनेस्की, जेन डटन आणि त्यांचे सहकारी त्यांच्याशी सविस्तर बोलले. सगळ्यांच्या हाती कामाची यादी एकच होती. फरशी पुसायची, बाथरूम धुवायचं, केराच्या पिशव्या बदलायच्या, आरसे लख्ख ठेवायचे. त्या लांबलचक यादीत रुग्णाचा उल्लेख कुठेही नव्हता. तरीही बोलण्यात दोन तऱ्हा दिसल्या. काहींच्या लेखी ते नुसतं झाडलोटीचं काम होतं, कुणालाही जमेल असं. इतर काहीजण मात्र आपण रुग्ण बरे करायला हातभार लावतो, असं सांगत होते आणि तसं वागतही होते. कोणत्या खोलीतल्या पेशंटला भेटायला कुणीच येत नाही, हे त्यांना ठाऊक असायचं. त्या खोलीत ते दोन मिनिटं जास्त थांबायचे. बेशुद्ध पेशंटांच्या मजल्यावरची एक बाई भिंतीवरची चित्रं अधूनमधून इकडची तिकडे लावायची. डोळे मिटलेल्या माणसापर्यंतही आसपासचा बदल पोचत असेल, अशी तिला आशा होती. हे काम तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

त्याच मुलाखतींतला एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. एक तरुण कित्येक महिने बेशुद्ध पडून होता आणि त्याचे वडील रोज उशाशी बसलेले असत. एकदा ते सिगारेट ओढायला बाहेर गेले, तेवढ्यात सफाई कामगाराने खोली स्वच्छ केली. वडील परत आले आणि त्याच्यावर ओरडले, की माझ्या मुलाची खोली तू साफच केली नाहीस. कामगाराच्या तोंडाशी उत्तर आलं होतं. ते त्याने गिळलं, बादली आणि फडकं घेतलं आणि त्यांच्यासमोर ती खोली पुन्हा एकदा साफ केली. नंतर त्याने सांगितलं, की त्या बापाची अवस्था मला कळत होती, मुलगा उठेल की नाही हे त्यांना माहीत नव्हतं. कामाच्या यादीप्रमाणे पाहिलं तर ही दुसरी सफाई वाया गेली. माझ्या मते त्या दिवशी त्या मजल्यावर जी काही शुश्रूषा झाली असेल, तिच्यात हिचा नंबर फार वरचा लागेल.

‘माझ्या आयुष्याला अर्थ काय?’ हा प्रश्न पडला की आपण लांब पाहायला लागतो. नोकरी सोडावी, गावी जावं, काहीतरी मोठं उभारावं असे विचार डोक्यात येतात. काहींनी ते जरूर करावं. पण बहुतेकांचं आयुष्य रोजच्या ड्यूटीत, घरकामात, दुकानाच्या गल्ल्यावर आणि फायलींच्या ढिगाऱ्यात जाणार असतं आणि अर्थ सापडायचा असेल तर तिथेच सापडायला हवा. या प्रकरणात मला एकच गोष्ट सांगायची आहे. आपण जे काम करतो त्याच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस असतो. तो दिसू लागला की काम बदलतं, आणि काम करणाराही वाढत जातो.

रेझनेस्की यांनी याआधी, १९९७ साली, एक निबंध प्रसिद्ध केला होता. माणसं आपल्या कामाकडे साधारण तीन नजरांनी पाहतात, असं त्यात मांडलं होतं. कुणासाठी ते पोटापाण्याचं साधन असतं, कुणासाठी बढतीची शिडी, तर कुणासाठी जीव ओतावा असं काही. आपण सहज समजतो, की पहिली नजर कारकुनाची, दुसरी मॅनेजरची आणि तिसरी डॉक्टरची किंवा कलावंताची. पण त्यांनी एकाच प्रकारचं काम करणाऱ्या महाविद्यालयीन कार्यालयातल्या सहायकांना विचारलं, तेव्हा तिन्ही गट जवळपास सारखेच भरले. टेबल तेच, टाइपिंग तेच, पगारही जवळपास तोच. म्हणजे हुद्द्यावरून अर्थ ठरतो, हा आपला समज फार कच्चा आहे.

मग नजर कशाने बदलते? अ‍ॅडम ग्रँट या मानसशास्त्रज्ञाने मिशिगन विद्यापीठाच्या कॉल सेंटरमध्ये केलेला प्रयोग इथे कामाला येतो. माजी विद्यार्थ्यांना फोन करून शिष्यवृत्त्यांसाठी देणग्या मागायच्या, असं तिथलं काम. दिवसभर नकार ऐकायचे, कधी शिव्या खायच्या. ग्रँट यांनी त्यांच्यातल्या काहींची गाठ शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी घालून दिली. गप्पा झाल्या जेमतेम पाच मिनिटं. या पैशांमुळे माझं शिक्षण झालं, असं तो विद्यार्थी समोर बसून बोलला. महिन्याभराने मोजलं, तर त्या गटाचा आठवड्याभरात फोनवर जाणारा वेळ १४२ टक्क्यांनी वाढला होता आणि जमवलेली रक्कम १७१ टक्क्यांनी. दुसऱ्या एका गटाला विद्यार्थ्याचं पत्र फक्त वाचायला दिलं होतं. त्यांच्यात काही फरक पडला नाही. ‘आपण समाजासाठी काम करतो’ अशी पाटी कार्यालयात लावून काही होत नाही, ते यामुळेच. समोर हाडामांसाचा माणूस लागतो.

जेरुसलेममधल्या एका रेडिऑलॉजिस्टने असाच विचार केला. क्ष-किरण तपासणारे डॉक्टर बहुधा पेशंटला पाहतच नाहीत, अंधाऱ्या खोलीत पडद्यावर त्यांना फक्त प्रतिमा दिसतात. त्याने सीटी स्कॅनसोबत त्या पेशंटचा फोटो जोडला. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, की फोटो पाहून त्या माणसाबद्दल जास्त आपुलकी वाटली. त्यांचे अहवालही जास्त बारकाईने लिहिलेले निघाले. मूळ तक्रारीशी संबंध नसलेल्या, पण पुढे महत्त्वाच्या ठरू शकतील अशा बारीकसारीक गोष्टी त्यांनी टिपल्या. तेच स्कॅन काही महिन्यांनी फोटो न जोडता पुन्हा दाखवले, तर त्यांतल्या बऱ्याचशा नोंदी निसटल्या. २००८ साली शिकागोच्या एका परिषदेत हे निष्कर्ष मांडले गेले. पासपोर्टच्या आकाराचा एक चेहरा बाजूला आला, आणि वर्षानुवर्षं सरावलेले डोळे जास्त सावध झाले.

आपल्याकडे दुसरं टोक दिसत ठेवणारी अशी व्यवस्था प्रयोगशाळेविना चालू आहे. मुंबईचे डबेवाले १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांच्या हातून सुरू झालेलं, घरचा डबा कामाच्या ठिकाणी पोचवण्याचं काम करत आले आहेत. ही माणसं बहुतेक मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातली, डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात अनेकांच्या तुळशीची माळ. त्यांच्या अचूकपणाचं कौतुक जगभर झालं आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलने त्यांच्यावर अभ्यास लिहिला आणि २००३ साली तेव्हाचे युवराज चार्ल्स त्यांना चर्चगेटला येऊन भेटले. डब्याच्या झाकणावर ना नाव असतं ना पत्ता. रंगाने काढलेले दोन-चार अंक आणि अक्षरं असतात. कोणत्या स्टेशनावरून निघाला, कोणत्या स्टेशनावर उतरवायचा, पुढे कुणी उचलायचा, कोणती इमारत आणि कितवा मजला, एवढंच. वाटेत डबा तीन-चार हातांतून जातो. दादर किंवा अंधेरीच्या फलाटावर पाटीतले डबे काही मिनिटांत उलगडून पुन्हा लागतात, आणि ते पाहताना डोळ्यांपुढून हात नुसते सरकतात.

हे कौशल्य आहेच. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. सकाळी डबा घेणारा डबेवाला रोज त्याच दाराशी उभा राहतो आणि दुपारनंतर रिकामा डबा त्याच दाराशी परत करतो. एखाद्या घरी डबा तयार व्हायला उशीर झाला, आजारपण आलं, सासूबाई गावाला गेल्या, हे सगळं त्याला समजतं. पोचवणाऱ्यालाही आपला डबा कोण उघडणार हे दिसतं. कुणाला मधुमेह आहे म्हणून घरचंच जेवण लागतं, कुणाला बाहेरचं चालत नाही. भुकेल्याला अन्न पोचवणं हे वारकरी मनाला पुण्याचं काम वाटतं, ही श्रद्धाही त्यात आहे. त्यातून ते कंपनीचे नोकर नाहीत, गटातले भागीदार आहेत, महिन्याची मिळकत आपसात वाटून घेतात. कोविडच्या टाळेबंदीने या व्यवसायाला फार मोठा फटका बसला आणि घरून काम करण्याच्या पद्धतीने अनेक गिऱ्हाइकं कायमची गेली. तरीही जे टिकून आहेत ते याच नात्यावर टिकून आहेत, असं मला वाटतं.

आता अवघड प्रश्नाकडे येऊ. काही कामं अशी असतात की त्यांचं फळ डोळ्यांदेखत नाहीसं होतं. डॅन अ‍ॅरिएली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली लेगोच्या खेळण्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना पैसे देऊन ठोकळ्यांची बाहुली जोडायला सांगितली, प्रत्येक पुढच्या बाहुलीला मोबदला थोडा कमी. एका गटाच्या तयार बाहुल्या टेबलावर मांडून ठेवल्या. दुसऱ्या गटाला पुढची बाहुली जोडायला दिली की आधीची समोरच मोडली जायची. पैसे दोघांना सारखेच. पहिल्या गटाने सरासरी साडेदहाच्या आसपास बाहुल्या जोडल्या, दुसरा गट सातावर येऊन थांबला. केलेलं मोडलं जाताना पाहिलं की हातातलं बळ जातं.

घर सांभाळणाऱ्या कोणत्याही बाईला हे समजायला प्रयोगाची गरज नाही. भाकरी खाल्ली जाते, भांडी पुन्हा खरकटी होतात, अंगण संध्याकाळपर्यंत पुन्हा पाचोळ्याने भरतं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ वापर सर्वेक्षणात घरकामात भाग घेणाऱ्या भारतीय स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात असं दिसलं. पुरुषांची हीच सरासरी ९७ मिनिटं होती. स्त्रियांच्या त्या पाच तासांतलं बहुतेक काम रोज मोडलं जाणारं असतं. शिवाय त्याची पोच क्वचितच मिळते, कारण दुसऱ्या टोकाचा माणूस घरातलाच असूनही त्या कामाकडे पाहत नाही.

महाराष्ट्रातल्या बायकांनी या मोडणाऱ्या कामाचं काय केलं, याचं उत्तर जात्यावर मिळतं. पहाटे, घर जागं होण्याआधी, जात्याच्या दोन बाजूंना दोघी बसायच्या. खुंट्यावर दोघींचे हात, एकीने मूठमूठ दाणे जात्याच्या तोंडात टाकायचे, पाळूतून पीठ गोल झरत राहायचं. त्या घरघरीवर ओवी यायची. दळण संध्याकाळपर्यंत संपणार हे ठरलेलं, पण ओवी मात्र दुसरी ऐकायची, उचलायची, आपली भर घालायची. त्यात भाऊ आहे, माहेर आहे, विठ्ठल आहे, सासरचा जाच आहे, आणि विसाव्या शतकात बाबासाहेबही आले आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांसोबत बसून या ओव्या गोळा केल्या. एक हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या आणि आज त्यांतल्या हजारो ओव्या इंटरनेटवर ऐकायलाही मिळतात. कुणीही बक्षीस न दिलेल्या, रोज संपणाऱ्या कामातून एवढी मोठी रचना उभी राहिली. दळणाला कुणी दाद दिली नसेल, पण समोर बसलेली बाई ओवी ऐकत होती आणि पुढची म्हणत होती. जिथे दुसरं टोक कुणी दिसू दिलं नाही, तिथे बायकांनी ते जात्याच्या पलीकडच्या बाजूला निर्माण केलं.

जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी याच परंपरेतल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, चुलीपाशी, जात्यापाशी त्या रचत गेल्या आणि मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी त्यातलं काही वेळोवेळी टिपून ठेवलं. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या. त्यानंतर ती टिपणं सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक आलं. यश म्हणजे नाव, मान, पारितोषिक असं मानलं तर बहिणाबाईंना जिवंतपणी त्यातलं काही मिळालं नाही. त्यांची वाढ मात्र तोवर पूर्ण झालेली होती. बाहेरच्या जगाला तिचा पत्ता उशिरा लागला, एवढंच.

वाढ अशी रोजच्या बारीक पावलांनी होते, याला आधार देणारं संशोधन तेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर यांनी केलं आहे. सात कंपन्यांतल्या २३८ जणांकडून त्यांनी रोजच्या कामाची डायरी लिहून घेतली. सुमारे १२ हजार नोंदी झाल्या. कोणत्या दिवशी माणसं घरी हसत गेली, हे त्यांनी शोधलं. पगारवाढ आणि शाबासकी यांच्याही पुढे एक गोष्ट निघाली. ज्या कामात आपल्याला अर्थ वाटतो ते आज थोडं का होईना पुढे सरकलं, ही जाणीव. मॅनेजरांना विचारलं, की माणसांना कशाने हुरूप येतो, तर त्यांच्या यादीत हे कारण तळाला होतं. म्हणूनच मी अनेकांना एक साधी सवय सुचवतो. रात्री झोपण्याआधी एका वहीत एकच ओळ लिहावी, की आज काय पुढे सरकलं आणि ते कुणाच्या उपयोगी पडलं. शिक्षकाने लिहावं की कोणत्या मुलाला आज हातच्याची वजाबाकी समजली. बँकेतल्या माणसाने लिहावं की कोणत्या आजोबांचं अडकलेलं पेन्शन आज मार्गी लागलं. पुष्कळ दिवस ओळ सुचत नाही. ओळ सुचत नाही हेही कळणं उपयोगाचं असतं, कारण आपण दुसऱ्या टोकापासून किती दूर गेलो आहोत हे त्यातून दिसतं.

इथवर वाचून एखाद्या मालकाच्या मनात येईल, की छान, लोकांना अर्थ देऊ, पगार नंतर पाहू. हा धोका खरा आहे आणि तो मोकळेपणाने सांगितला पाहिजे. बंडरसन आणि थॉम्पसन यांनी २००९ साली उत्तर अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत प्राण्यांची देखभाल करणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्राण्यांची सेवा हे आपलं जीवितकार्य आहे असं मानणारे कर्मचारी कमी पगार, घाण आणि गैरसोय जास्त सोसतात, आणि व्यवस्थापन त्याचा फायदा घेऊ शकतं, असं त्यात आढळलं. आपल्या आशा कार्यकर्त्या पाहा. घरोघरी जाऊन गरोदर बायकांची, बाळांची, क्षयरोग्यांची नोंद ठेवणाऱ्या या बायकांइतकं दुसरं टोक स्पष्टपणे क्वचितच कुणाला दिसत असेल. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. तरीही सरकारच्या लेखी त्या स्वयंसेविका आहेत आणि मानधनवाढीसाठी त्यांना महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा संप करावे लागले. सेवाभाव आहे म्हणून मोबदला कमी, हा हिशेब अन्यायाचा आहे आणि तो मला मान्य नाही.

आपल्या संतपरंपरेकडे पाहतानाही हे भान हवं. अरणच्या सावता माळ्यांना मळ्यातच विठ्ठल भेटला, असं आपण प्रेमाने सांगतो. पण त्याच परंपरेत चोखामेळा आहेत. मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर राबत असताना कूस कोसळून ते गेले, असं परंपरा सांगते. ज्या पंढरपुरात त्यांची भक्ती गायली जाते तिथे त्यांची समाधी देवळाच्या बाहेर, नामदेव पायरीसमोर आहे. त्यांच्या समाजाला ते देऊळ खुलं व्हायला १९४७ उजाडावं लागलं, तेही साने गुरुजींनी उपोषण केल्यानंतर. कामात देव पाहा, हा उपदेश ज्याने काम निवडलं त्याला करता येतो. ज्याच्यावर ते जन्माने लादलं गेलं त्याच्यासमोर आधी दार उघडावं लागतं.

मग अर्थ आणि हक्क दोन्ही एका ठिकाणी असणारं काम कसं दिसतं? गिरगावातली एक गोष्ट या प्रश्नाला उत्तर देते. १५ मार्च १९५९ रोजी लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायका पापड लाटायला बसल्या. भांडवल होतं उसने घेतलेले ८० रुपये. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली आणि ती भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याला विकली. त्यांना मार्गदर्शन करणारे छगनलाल पारेख, म्हणजे छगनबाप्पा, यांनी दोन गोष्टी बजावल्या. हिशेब चोख ठेवा, आणि स्वस्तात विकता यावा म्हणून दुय्यम दर्जाचा पापड काढू नका. तोट्यात गेलो तरी कुणाकडून देणगी घ्यायची नाही, असंही ठरलं. हीच संस्था पुढे लिज्जत पापड म्हणून घराघरांत पोचली आणि आज तिच्यात ४५ हजारांहून जास्त बायका आहेत. पहिल्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

तिथे काम करणारी प्रत्येकजण ‘बहेन’ आणि प्रत्येकजण मालकीण. सकाळी मळलेलं पीठ तोलून घ्यायचं, घरी पोळपाटावर ठरलेल्या मापाचे पापड लाटायचे, वाळवायचे आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचे. ते पुन्हा तोलले जातात, तपासले जातात, जाडजूड किंवा तुटके बाजूला निघतात आणि लाटणावळ हातात पडते. नफा आणि तोटा सगळ्यांत वाटला जातो. पापडाच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे, हे तिला वेगळं सांगावं लागत नाही, कारण तिच्या स्वतःच्या ताटातही पापड असतो. काम तिचं, पैसा तिचा, आणि निर्णयातही तिचा शब्द.

सुरुवातीच्या त्या पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम थांबलं होतं. पुढच्या वर्षी पाऊस आला तेव्हा या बायकांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत आणला. खाटेवर पापड पसरले, खाली स्टोव्ह पेटवला, आणि त्या वर्षी पावसाळ्यातही काम चालू राहिलं.